कंपोस्टच्या डब्याला वास येतोय, रूममेट वैतागलेत

प्रश्न: फ्लॅटमध्ये आम्ही पाचजण. ओल्या कचऱ्याचा डबा मीच सुरू केला. आता तळाशी काळं पाणी, वर चिलटं. सगळे म्हणतात, फेकून दे. काय करू?

उत्तर: फेकू नकोस. हवा मिळत नाहीये म्हणून सडतंय. पाणी काढ, डब्याला भोकं पाड, खाली ताटली ठेव. दर ओल्या थरावर त्याच्या दुप्पट सुका पाला नाहीतर फाडलेला पुठ्ठा टाक. कार्बन (सुक्यातून जास्त मिळतो) आणि नायट्रोजन (ओल्यातून जास्त मिळतो) यांचं प्रमाण साधारण ३०:१ लागतं, नुसत्या सालींनी ते जमत नाही.

उत्तर: पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी आधी सोल बरं का, ती कुजत नाही. दुकानातली गुळगुळीत बिलंही नकोत, तो थर्मल कागद असतो, म्हणजे उष्णतेने छापायचा, रसायन लावलेला.

प्रश्नकर्ता: भोकं पाडली. पण खरकटे डबे न धुताच सुक्या कचऱ्यात टाकणाऱ्या रूममेटचं काय?

उत्तर: सुक्याचा डबा त्याच्याच खोलीत ठेव!