अँटीबॉडी घटल्या म्हणजे प्रतिकारशक्ती संपली का?

प्रश्न :
कोविडमधून बरा झाल्यावर केलेल्या तपासणीत माझ्या रक्तात भरपूर अँटीबॉडी आढळल्या होत्या. अलीकडच्या तपासणीत मात्र त्यांचे प्रमाण बरेच उतरले आहे. गोवर एकदा येऊन गेला की सहसा पुन्हा येत नाही. मग शरीर काही विषाणू लक्षात ठेवते आणि काही विसरते, असे समजायचे का?

प्रतिसाद १ :
घट स्वाभाविक आहे, तिचा धसका घेऊ नये. संसर्गाच्या ऐन भरात अँटीबॉडी बनवणाऱ्या बहुतेक प्लाझ्मा पेशी अल्पायुषी असतात; त्या मेल्या की पातळी झपाट्याने खाली येते आणि पुढे अस्थिमज्जेत ठाण मांडून बसलेल्या थोड्या दीर्घायुषी पेशी ती टिकवून धरतात. रक्तातील आयजीजी (सर्वाधिक आढळणारा अँटीबॉडीचा प्रकार) अँटीबॉडी साधारण तीन आठवड्यांत निम्मी होते, म्हणजे वर्षानंतरही ती सापडत असेल, तर तिची निर्मिती चालूच आहे. शिवाय विषाणू लक्षात ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे गरज पडताच नव्याने अँटीबॉडी बनवू शकणाऱ्या स्मृती बी-पेशी आणि संसर्ग झालेल्या पेशी ओळखणाऱ्या टी-पेशी, अँटीबॉडीच्या तपासणीत दिसतच नाहीत. १९१८च्या फ्लूच्या साथीतून वाचलेल्या वृद्धांच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणाऱ्या बी-पेशी जवळजवळ नव्वद वर्षांनी सापडल्या, हे २००८ साली प्रसिद्ध झालेले संशोधन मला आजही थक्क करते.

प्रतिसाद २ :
गोवराची प्रतिकारशक्ती दीर्घकाळ टिकते याचा एक जुना पुरावा उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवरचा आहे. तेथे १७८१नंतर थेट १८४६ साली गोवराची साथ आली. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने नोंदवले, की पहिल्या साथीत गोवर झालेल्या वृद्धांपैकी कोणालाही पासष्ट वर्षांनंतर तो पुन्हा झाला नाही.

प्रतिसाद ३ :
दोन्ही उत्तरे योग्य आहेत. पण स्मृती असणे आणि संसर्ग टळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. गोवराचा विषाणू शरीरभर पसरून लक्षणे दिसेपर्यंत दहाएक दिवस जातात, तेवढ्यात स्मृतिपेशी वाढून कामाला लागतात. कोरोनाचा विषाणू नाकाच्या अस्तरातच दोन-चार दिवसांत वाढतो, शिवाय रूपही बदलत राहतो; म्हणून संसर्ग पुन्हा होतो, मात्र टी-पेशी विषाणूचे न बदललेले भाग ओळखत असल्याने आजार बहुधा गंभीर होत नाही. कोरोनाच्याच कुळातील विषाणूमुळे २००३मध्ये पसरलेल्या सार्स या आजारातून बरे झालेल्यांत अशा टी-पेशी सतरा वर्षांनीही आढळल्या होत्या. तेव्हा लशीची पुढची मात्रा घ्यायची की नाही, हे केवळ अँटीबॉडीच्या आकड्यावरून ठरवू नका. वय आणि इतर आजार सांगून डॉक्टरांना विचारा.