छापून आलं की मूळ कागद रद्दीत?

फाटकी_वही: "जुन्या कॅन्सर डॉक्टरांची पत्रं, वह्या, केसपेपर खोकी भरभरून कशाला जपायचे? महत्त्वाचं ते छापलंय, बाकी रद्दी." कात्रीबहाद्दरांचं हे वाचून राहवलं नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात, रासायनिक शस्त्रांच्या संशोधनातून आलेलं नायट्रोजन मस्टर्ड हे कॅन्सरवरचं औषध ज्याला पहिल्यांदा दिलं, त्या जे. डी. नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशंटचे कागद कित्येक दशकं बेपत्ता होते. युद्धकाळातली गुप्तता, म्हणून निबंधही १९४६ मध्ये आला. येलच्याच दोन सर्जननी केसपेपर हुडकले तेव्हा पहिल्या डोसची तारीख कळली: २७ ऑगस्ट १९४२. औषधाचं नावही नाही, नुसतं 'सबस्टन्स एक्स'. गाठी विरल्या, परत आल्या, वर्ष सरायच्या आत माणूस गेला. हे रोज लिहिलेलं वाचणं आणि निबंधातली ओळ वाचणं यात फरक नाही?

कात्रीबहाद्दर: तारीख कळल्याने कोणाचा जीव वाचला?

सुईदोरा: जीवाचंच सांगते. आईला दहा वर्षांनी पुन्हा केमो द्यायची होती. डॉक्टर म्हणाले, अ‍ॅड्रियामायसिन (केमोचं एक औषध) आधी एकूण किती गेलंय? हृदयावर परिणाम होतो, म्हणून आयुष्यभराच्या डोसला मर्यादा असते. आधीच्या हॉस्पिटलने फाइल कधीच काढून टाकली होती. शेवटी दुसरं औषध दिलं.

कात्रीबहाद्दर: वाईट वाटलं. पण हा पेशंटचा रेकॉर्ड झाला, डॉक्टरांची दप्तरं नव्हेत.

तेलुगू_जावई: दप्तरांचंच बोलायचं तर आपले तेलुगू शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव कुठेत? अमिनोप्टेरिन हे औषध लेडर्ली या अमेरिकन औषध कंपनीत त्यांच्या हाताखाली तयार झालं, आणि ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) १९४८ च्या निबंधावर नावं बॉस्टनचे डॉक्टर फार्बर आणि मंडळींची!

फाटकी_वही: आलं का सुब्बाराव पुराण! पोरांना औषध फार्बरनी दिलं, नाव त्यांचंच येणार.

तेलुगू_जावई: पुराण? हार्वर्डने कायम नोकरी दिली नाही म्हणून माणूस १९४० मध्ये लेडर्लीत गेला, आणि निबंध आला त्याच वर्षी वारला. स्वतःची बाजू मांडायला उरलाच नाही. कोणी काय केलं हे लेखकांच्या यादीत कळत नाही, पत्रव्यवहारात कळतं. तुमचाच मुद्दा मांडतोय आणि तुम्हीच खेकसताय.

फाटकी_वही: बरं बाबा, खेकसलो. चूक.

कात्रीबहाद्दर: दोघांचं मिटलं? मग स्कॅन करून टाका, कागद कशाला?

सुईदोरा: अमेरिकन सर्जन बर्नार्ड फिशर यांच्या स्तन-कॅन्सरच्या चाचण्या आठवा. मॉन्ट्रियलच्या एका सर्जनने आकडे फिरवले होते. पकडलं कशावरून? एकाच पेशंटच्या ऑपरेशनच्या नोंदीच्या दोन प्रती, तारखा वेगळ्या. त्याचे पेशंट वगळून पुन्हा हिशेब केला आणि निष्कर्ष टिकला: गाठ काढून रेडिएशन दिलं तर अख्खं स्तन काढायची गरज नाही. छापलेल्या तक्त्यावरून हे तपासून दाखवा.

कात्रीबहाद्दर: चला, चाचण्यांचे मूळ कागद ठेवा. डॉक्टरसाहेबांची जेवणाची आमंत्रणं तरी फेकू का?

तेलुगू_जावई: आधी बघा, पाहुण्यांत सुब्बाराव आहेत का.