खिशातला घडीचा चाकू मोठा असावा का? (बजेट दीड हजारापर्यंत)

द्राक्षवाला_निफाड (धागाकर्ता):
खिशात चाकू नसला तर माझं पान हलत नाही. ठिबकची १६ मिलिमीटरची नळी कापायची, ओलांड्याला (वेलीच्या आडव्या फांदीला) बांधलेली सुतळी सोडवायची, खताच्या गोणीची शिवण उसवायची, दुपारी बांधावर कलिंगड चिरायचं. आजवर ३ इंची पात्याचे घडीचे चाकू वापरले. आता माझं मत पक्कं झालंय की रोजच्या कामाला मोठाच हवा. पातं ४ इंच, मूठ ५ इंच.

कारण साधं आहे. घडीच्या चाकूचं पातं मुठीत मावावं लागतं, त्यामुळे छोट्या पात्याला मूठही छोटीच येते. माझी तीन बोटं बसतात, करंगळी बाहेर राहते. ऑक्टोबरात गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) पेस्टिंग, म्हणजे काडीच्या डोळ्यांना औषध लावणं, चालू असताना हातात ओले रबरी मोजे असतात, तेव्हा तो चाकू साबणाच्या वडीसारखा निसटतो.

आणि स्वस्तच हवा. माझे दोन चाकू बागेतल्या चिखलात गेले ते गेलेच. महागडा घेऊन त्याला जपत बसायची माझी तयारी नाही. तुमचं मत सांगा, पटलं नाही तर तसंही सांगा.

सह्यवाट:
दादा, मला नाही पटलं. बारा वर्षं घाटवाटा फिरतेय, ३ इंचांच्या वर पातं लागलं असा एक प्रसंग आठवत नाही. दोरी, चिकटपट्टी, काकडी, पायाला लावायची पट्टी, एवढंच काम असतं. मोठा चाकू खिशात मांडीला टोचतो, बसलं की आडवा येतो, मग तो सॅकमध्ये जातो आणि गरजेला सापडत नाही.

दुसरी गोष्ट आजूबाजूच्या माणसांची. एकदा ट्रेकहून परतताना एसटीत सफरचंद कापायला मित्राचा मोठा चाकू उघडला. शेजारच्या आजींनी पिशवी छातीशी धरली आणि न बोलता खिडकीकडे सरकल्या. मी लगेच मिटला, पण त्यांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून माझ्याकडे ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा ८ नंबरचा चाकू. पातं साडेआठ सेंटिमीटर, लाकडी मूठ. तो उघडला की लोकांना फळं कापायची सुरीच वाटते.

वेंगुर्लेकर:
ओपिनेलचं नाव निघालं म्हणून लिहितो. चाकू उत्तम आहे. फ्रान्सच्या साव्हुआ भागात १८९० साली जोसेफ ओपिनेलने तो शेतकऱ्या-कष्टकऱ्यांसाठीच बनवला. मुठीच्या तोंडाशी फिरणारी कडी, म्हणजे त्याचं लॉक, १९५५ पासून आहे. पण ताई, आमच्या कोकणात जून लागला की बीचच्या लाकडाची ती मूठ फुगते आणि पातं आत आवळून बसतं. नखाने उघडायला गेलात तर नखच तुटेल. अशा वेळी मुठीचं मागचं टोक दगडावर हलकेच आपटायचं, पात्याचं टोक वर येतं, मग चिमटीत धरून काढायचं. पावसाआधी मुठीला आणि खाचेत जवसाचं तेल पाजून ठेवलं तर त्रास कमी होतो, पण जात नाही.

कार्बन पोलादाचा घेतलात तर एक कैरी चिरली की पातं काळंनिळं पडतं. त्याने धार बिघडत नाही, पण ओलं ठेवलं तर गंज धरतो. पावसाळी भागात स्टेनलेसचाच घ्यावा. मात्र मोठा घ्यावा, यात मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. १० नंबरला १० सेंटिमीटर पातं येतं आणि मूठ पंजाभर लागते. बांगडा साफ करताना ८ नंबर मला तोकडा पडतो.

लेथमास्तर:
मोठं आणि स्वस्त यांची जोडी घडीच्या चाकूत सगळ्यात वाईट. रागाने नाही, उजव्या तर्जनीवरची पाच टाक्यांची खूण बघून लिहितोय.

चाकू ४ इंची होता, बाजारातला स्वस्तातला, आत लायनर लॉक. म्हणजे मुठीच्या आत पत्र्याची एक जीभ असते, पातं उघडलं की ती बाजूला सरकून पात्याच्या बुडाला टेकते आणि पातं मिटू देत नाही. मी जाड पुठ्ठ्याला भोक पाडत होतो. टोक आत रुतलं, काढताना हात वर गेला, पात्याच्या पाठीवर दाब आला आणि जीभ सटकली. पातं सरळ बोटावर मिटलं. नंतर उजेडात बघितलं तर जीभ बुडाला नखाच्या टोकाएवढीच टेकत होती, आणि खाचेत खिशातला धाग्यांचा भुगा साचलेला.

पातं जितकं लांब, तितका टोकावरचा जोर लॉकवर जास्त येतो. ही तरफ आहे, तिथे कंपनीचं नाव कामी येत नाही. ३ इंचांच्या चाकूत जे लॉक निभावतं, ते ४ इंचांत निभावेलच असं नाही. म्हणून स्वस्तात घ्यायचा असेल तर छोटा घ्या. मोठाच हवा असेल तर पैसे वाढवा.

द्राक्षवाला_निफाड:
मास्तर, वाचून अंगावर काटा आला. लॉकचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण दुकानात उभं राहून लॉक ओळखायचं कसं, तेही सांगा. आणि माझा मूळ मुद्दा सुटतोय. मला लांब पात्याची हौस नाही, मला चार बोटं बसणारी मूठ हवी आहे.

लेथमास्तर:
उघडून उजेडात धरा. जीभ पात्याच्या बुडाच्या निदान पाव भागावर टेकलेली दिसली पाहिजे. पातं चिमटीत धरून वरखाली हलवा, कटकट जाणवली तर नको. मग बोटं मिटण्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवून पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच टेकवून दाबा. जरा जरी सरकलं तरी परत द्या. ओपिनेलची कडी किंवा मुठीच्या पाठीवर दाबायचं बॅकलॉक मला जास्त भरवशाचं वाटतं, भुग्याने ते इतक्या सहज फसत नाही.

कोर्टाची_पायरी:
वकिली करतो, म्हणून कायद्याचं बोलतो. सगळे ९ इंच धरून बसतात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर ते परवान्याच्या शस्त्रांच्या वर्गात येतं, आणि घरगुती वा शेतीकामाची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे ४ इंची चाकू बाळगणं एरवी गुन्हा नाही.

पण महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चं कलम ३७ वेगळं आहे. सण, मोर्चे, निवडणुका आल्या की पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात. त्या कलमात चाकू हा शब्द स्पष्ट आहे, इंच कुठेच लिहिलेले नाहीत. आदेश मोडला तर कलम १३५ लागतं. बागेत तुमच्या खिशात तो असणं स्वाभाविक आहे. तोच चाकू घेऊन तुम्ही नाशकात मिरवणुकीच्या गर्दीत सापडलात तर सुतळी कापायला ठेवलाय हे सांगत बसावं लागेल. शहरात जाताना तो घरी ठेवा. खटक्याने उघडणारा रामपुरी पद्धतीचा तर घेऊच नका, त्याची ओळखच हाणामारीची झालेली आहे. माझं मत छोट्याच्या बाजूने.

भाता_ऐरण:
लोहारकी घरचीच आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. भाऊ, तुम्हाला मोठी मूठ हवी आहे आणि त्यासाठी मोठं पातं गळ्यात घालून घेताय. कृषी सेवा केंद्रात जाऊन कलमाचा चाकू मागा. मूठ पंजाभर आणि पातं अडीच-तीन इंच, घडीचा मिळतो, दीड हजाराच्या कितीतरी आत. मूठ आणि पातं एका मापाचं असलंच पाहिजे हे तुमचं गृहीतच चुकीचं आहे.

पोलादाबद्दलही सांगतो. हल्ली जो तो डी२ मागतो. त्यात कार्बन दीड टक्का आणि क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास, धार टिकते हे खरं. पण ती गेली की घरच्या निसण्यावर परत आणताना हात भरून येतात, आणि ओलं राहिलं तर ठिपकेही पडतात. तुम्ही रोज नळी आणि मातकट गोणी कापणार, धार कशीही जाणारच. स्वस्त चिनी चाकूंत येणारं ८सीआर१३एमओव्ही लवकर बोथट होतं, पण निसण्यावर दहा मिनिटांत पाजवून होतं. शेतात तेच बरं. माझ्या वडिलांनी ट्रकच्या कमानपाट्यापासून केलेले चाकू अजून गावात फिरताहेत, ते याच कारणाने.

वेंगुर्लेकर:
कलमाच्या चाकूने कलिंगड चिरून दाखवा. चारही बाजूंनी टोचत बसावं लागेल.

सह्यवाट:
कलिंगड रोज दहा वेळा चिरत नाहीत ना काका. दिवसातल्या एका कामासाठी बाकीच्या सगळ्या कामांना गैरसोयीचं हत्यार कशाला बाळगायचं?

द्राक्षवाला_निफाड:
दोन दिवस गप्प होतो, कारण एक प्रयोग केला. शेजाऱ्याकडून ४ इंची घडीचा मागून आणला आणि धारेपासून पाठीपर्यंत अख्ख्या पात्याला मार्करची शाई फासली. पहिल्या दिवशी संध्याकाळी बघितलं, टोकापासून दोनेक इंच शाई उडालेली, त्यामागे मुठीपर्यंत जशीच्या तशी. दुसऱ्या दिवशी दुपारी कलिंगड चिरलं तेव्हाच मागची शाई निघाली.

म्हणजे पात्याच्या बाबतीत सह्यवाट ताई बरोबर आहेत, मी चुकलो. मुठीबद्दल मात्र माझा शब्द मागे घेत नाही. मोजे घालून शेजाऱ्याचा चाकू एकदाही निसटला नाही, करंगळीपर्यंत हात बसला.

उद्या पिंपळगावला चाललोय, कलमाचा चाकू हातात धरून बघतो, मोजे सोबत नेतोय. मुठीत करंगळी बसली तर तोच खिशात राहील. मोठा एक घेणार आहे, पण तो पंपाच्या खोलीतल्या कोनाड्यात राहील, शहरात येणार नाही.

लेथमास्तर:
कोनाड्यातल्या मोठ्याचं लॉकही फळीवर दाबून बघा. आणि मजुरांच्या हाती देण्याआधी त्यांना मिटायचं कसं ते दाखवा, बोट त्या खाचेच्या वाटेत कुठे येतं ते.