सस्तन प्राण्यांमधील फरक कशाने घडले: प्रथिनांनी की जनुकांच्या नियमनाने?

रानवाट:
मानव आणि चिंपांझी यांची प्रथिने सुमारे ९९ टक्के सारखी असताना दोघांच्या देहात आणि वागण्यात एवढे अंतर का, असा प्रश्न मेरी-क्लेअर किंग आणि अ‍ॅलन विल्सन या शास्त्रज्ञांनी १९७५ साली उपस्थित केला आणि त्याचे उत्तर जनुकांच्या नियमनात, म्हणजे कोणते जनुक कोठे, केव्हा आणि किती चालते यात शोधावे, असे सुचवले. मी त्यापुढे जाऊन म्हणेन की सस्तन प्राण्यांची विविधता मुख्यतः नियामक डीएनएने, म्हणजे जनुकांना चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांनी घडवली असून प्रथिनांतील बदल दुय्यम आहेत.

याचे उत्तम उदाहरण हातापायांच्या घडणीचे आहे. त्यासाठी लागणारे ‘सॉनिक हेजहॉग’ हे जनुक गर्भाच्या पायात नेमके कोठे सुरू व्हावे, हे त्याच्यापासून डीएनएची सुमारे दहा लाख अक्षरे दूर, एका भलत्याच जनुकाच्या पोटात बसलेला झेडआरएस नावाचा, बटणासारखे काम करणारा तुकडा ठरवतो. त्यातील एक अक्षर बदलल्यानेही माणसाला, उंदराला किंवा मांजराला जादा बोट फुटल्याची उदाहरणे आहेत. २०१६ साली उंदरातील हा तुकडा काढून त्या जागी सापाचा तुकडा बसवण्यात आला, तेव्हा उंदरांचे पाय नुसते खुंट राहिले; अजगराच्या तुकड्यात नसलेली १७ अक्षरे परत घातल्यावर मात्र पाय नीट वाढले. या जनुकापासून बनणारे प्रथिन मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या घडणीतही लागत असल्याने त्याच्यात मोठा बदल झाला असता तर गर्भ बहुधा जगलाच नसता. बटण बदलल्यामुळे परिणाम पायांपुरता राहिला.

त्रिज्या:
उदाहरण सुंदर आहे, पण निवडून काढलेले आहे. २०१५ साली वीस सस्तन प्रजातींच्या यकृतांची तुलना झाली, तेव्हा प्रमोटर (जनुकाच्या सुरुवातीजवळचे नियामक तुकडे) बरेचसे टिकून राहिलेले दिसले आणि एन्हान्सर (जनुकापासून दूर असू शकणारे, त्याचे काम वाढवणारे तुकडे) मात्र झपाट्याने बदललेले आढळले. सर्व प्रजातींत समान असलेले एन्हान्सर फारच थोडे निघाले. तरीही यकृताचे काम सगळीकडे जवळपास तेच आहे. एवढी उलथापालथ होऊन अवयव तसाच राहत असेल, तर यातील बहुतेक बदल नैसर्गिक निवडीच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचे असावेत, असेच मला वाटते. शिवाय जनुके चालू-बंद करणारी नियामक प्रथिने डीएनएवर कोठे बसतात हे पेशीतील वातावरणावरही अवलंबून असू शकते. प्रत्येक फरकाचे श्रेय अक्षरांना कसे देणार?

रानवाट:
शेवटच्या शंकेचे उत्तर २००८ साली मिळाले आहे. मानवाचे २१वे गुणसूत्र बाळगणाऱ्या उंदराच्या यकृतपेशी तपासल्या असता, उंदराचीच नियामक प्रथिने त्या गुणसूत्रावर बव्हंशी मानवी पेशीत बसतात तशीच बसलेली दिसली. वातावरण उंदराचे, मांडणी मानवाची.

त्रिज्या:
त्या प्रयोगाने प्रथिन कोठे बसते याचे कारण कळले. त्यामुळे प्राण्याच्या देहात काय बदलले, हे कळले नाही. माझा आक्षेप दुसऱ्या गोष्टीवर आहे. उलट बाजूही पाहा: मानव, उंदीर यांच्यात अक्षरशः जसेच्या तसे राहिलेले डीएनएचे चार तुकडे २००७ साली उंदरांतून काढून टाकले, तरी ते उंदीर जगले आणि त्यांना पिलेही झाली.

रानवाट:
प्रयोगशाळेतील पिंजऱ्यात जगले, एवढेच त्यावरून म्हणता येते. २०१८ साली तशाच काही तुकड्यांविना वाढलेल्या उंदरांच्या मेंदूत सूक्ष्म दोष आढळले. रानात शेकडो पिढ्यांत वंश पुसला जाण्यास असा दोषही पुरेसा ठरू शकतो.

पाणवठा:
दोघांनीही प्रथिनांना फार लवकर बाजूला सारले आहे. आपला वानर, म्हणजे हनुमान लंगूर, पाने खातो, आणि ती गाईप्रमाणेच पोटाच्या पुढच्या भागात जिवाणूंकडून आंबवून घेतो. त्या जिवाणूंना पुढे फोडून पचवण्यासाठी लागणाऱ्या लायसोझाइम या प्रथिनात वानर आणि गाय यांच्यामध्ये स्वतंत्रपणे सारखेच अमिनो आम्लांचे काही बदल झाले आहेत. गंमत अशी की हा १९८७चा शोध लावणाऱ्यांत तेच अ‍ॅलन विल्सन होते, ज्यांचा दाखला धाग्याच्या सुरुवातीला दिला आहे.

रानवाट:
मान्य, पण हे लायसोझाइम जठरात भरपूर तयार झाल्याखेरीज त्या बदललेल्या अमिनो आम्लांचा उपयोग काय? अश्रू आणि लाळेत असणारे प्रथिन जठरात एवढे सोडले जाऊ लागले, हे काम नियमनाचेच.

पाणवठा:
आणि आम्लात टिकणारे प्रथिन नसते, तर जठरात ते सोडून तरी काय मिळाले असते? दोन्ही बदल एकाच पोटात लागले. तेव्हा ‘दुय्यम’ हा शब्द कशाच्या आधारे वापरला, ते सांगा.

रानवाट:
पोटाबाबत तो शब्द मागे घेतो. पायांबाबत नाही.