तीन अर्ज दिले, पोच आहे, उत्तर नाही. वाडीच्या रस्त्यासाठी आता पुढं काय?

येरळाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातली आमची वाडी, साठेक उंबरे. मूळ गाव ते वाडी अडीच किलोमीटर रस्ता. डांबर उखडून खडी वर आलीय आणि ओढ्यावरची मोरी एका बाजूनं खचलीय. शाळेची पोरं, दुधाची गाडी, आजारी माणूस, सगळं त्यावरूनच. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि कलेक्टर ऑफिस अशा तीन ठिकाणी निवेदनं दिली. तिन्हीवर आवक शिक्का आहे. विचारायला गेलं की एकच उत्तर, 'वर पाठवलंय'. तरणी पोरं म्हणतात रास्ता रोको करू, जुनी माणसं म्हणतात आमदारांना गाठा. कायदेशीर वाट कोणती आणि ती कुठल्या क्रमानं धरायची? जाणकारांनी सांगावं.

---

मोजमाप_वही

दादा, निवेदनात 'रस्ता करून मिळावा' एवढंच लिहिलं असेल तर त्यावर कुणालाच काही करता येत नाही. ते पुढच्या टेबलाकडं ढकलणं एवढंच कारकुनाच्या हातात असतं. म्हणून आधी रस्ता कुणाचा ते काढा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडं. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडं. कलेक्टर ऑफिसकडं स्वतःचा रस्ता नसतो. तिथं दिलेला अर्ज जिल्हा परिषदेला, तिथून उपअभियंत्याला आणि शेवटी 'अभिप्रायासाठी' तुमच्याच ग्रामपंचायतीला येतो. वर पाठवलेला कागद खाली येऊन बसलेला असतो, तो असा.

तालुक्याच्या बांधकाम उपविभागात रस्त्यांची यादी असते. तिच्यात 'ग्रा.मा. क्रमांक अमुक' असा तुमचा रस्ता आहे का बघा. क्रमांक असेल तर ३०५४ (देखभाल-दुरुस्ती) किंवा ५०५४ (भांडवली काम) या लेखाशीर्षांखाली (सरकारी खर्चाच्या खात्यांखाली) मागणी बसते. नसेल तर आधी रस्ता आराखड्यात घेण्याचा ग्रामसभेचा ठराव लागतो. तोवर दुसऱ्या दारानं जायचं: आमदारांनी सुचवलेल्या कामांचं पंचवीस-पंधरा (२५१५ हे लेखाशीर्ष), आमदार निधी, किंवा पाणंद रस्ता असेल तर पाणंद रस्त्यांसाठीची शासनाची योजना. जुनी माणसं आमदारांना गाठा म्हणतात ते चुकीचं नाही. फक्त 'रस्ता द्या' म्हणून जाऊ नका. रस्ता क्रमांक, लांबी, उपअभियंत्याकडून करून घेतलेलं अंदाजपत्रक आणि ठरावाची प्रत हातात घेऊन जा. अंदाजपत्रक तयार असलेलं काम यादीत आधी जातं, कारण मार्चअखेर पैसे संपवायची घाई सगळ्यांनाच असते.

'ग्रामपंचायतीकडं पैसे पडून आहेत' असं कुणी सांगितलं तर जपून. पंधराव्या वित्त आयोगाच्या (मार्च २०२६ पर्यंतच्या) निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, उरलेला ४० टक्के अबंधित, म्हणजे गावानं ठरवायचा. रस्त्याला वापरायचा तर अबंधित भागातूनच, आणि काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असेल तरच. खर्च कशावर झाला ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचं नाव टाकून बघता येतं.

आता जिथं बहुतेक वाड्यांचं घोडं अडतं ती गोष्ट, म्हणजे जागा. तलाठ्याकडून गाव नकाशाची प्रत घ्या. रस्ता नकाशावर असेल तर उत्तम. नसेल आणि सातबाऱ्यावर तो कुणाच्या खासगी गटातून जात असेल, तर अभियंता काम धरत नाही, धरलं तरी एक शेतकरी आडवा पडला की ठेकेदार यंत्र घेऊन परत जातो. त्या गटधारकांची लेखी संमती आधी घ्या. गावकी-भावकी सांभाळून हे काम गावातल्याच माणसांना जमतं, ऑफिसला नाही.

आणखी एक. रस्त्यावर कामाचा फलक होता का? पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतलं काम असेल तर ५ वर्षं दुरुस्ती ठेकेदाराच्या अंगावर असते. ती मुदत संपली नसेल तर नवा निधी मागूच नका. 'दोष दायित्व कालावधीत दुरुस्ती करून घ्यावी' असं कार्यकारी अभियंत्याला लिहा.

---

जोडपत्र_अ

वरच्या उत्तराला पूरक. मोजमापदादांनी सांगितलेली माहिती कुणी तोंडी देणार नाही, म्हणून ती माहिती अधिकारात काढा. अर्ज कलेक्टर ऑफिसला नको, थेट बांधकाम उपविभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याला द्या. चुकीच्या ठिकाणी गेला तर कलम ६(३) खाली ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, पण ते ५ दिवस कधी कधी महिना होतात.

महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत हवा. तीन विषय असतील तर तीन अर्ज. 'रस्ता का झाला नाही?' असं विचारू नका. कायद्यात माहिती म्हणजे दप्तरात असलेला कागद. कारणं आणि मतं द्यायला अधिकारी बांधील नाही, आणि तसं लिहून तो अर्ज निकाली काढतो. मजकूर असा ठेवा:

'मौजे … ते … वाडी या रस्त्याबाबत: (१) रस्त्याचा क्रमांक व दर्जा दर्शवणाऱ्या नोंदीची प्रत. (२) मागील ५ वर्षांत या रस्त्यावर झालेल्या कामांचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकातील संबंधित पाने, अंतिम देयक व गुणनियंत्रण चाचणी अहवाल यांच्या प्रती. (३) आवक क्रमांक …, दिनांक … च्या निवेदनावरील टिपणी व पत्रव्यवहाराच्या प्रती. (४) वरील कागदपत्रांची समक्ष पाहणी करायची आहे, दिनांक व वेळ कळवावी.'

चौथा मुद्दा कायम घाला. पाहणीत पहिला तास फुकट असतो, आणि झेरॉक्स कशाची मागायची ते तिथंच ठरवता येतं. शिवाय शासनाच्या २०१८ च्या आदेशानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत सोमवारी दुपारी ३ ते ५ दप्तर बघता येतं. अनेक ठिकाणी हे माहीतच नसतं, आदेशाची प्रत सोबत ठेवा.

मोजमाप पुस्तक आलं की जाडी बघा. एका खडीकरणाच्या थराला ७५ मिलिमीटर आणि वरच्या कारपेटला (डांबराच्या थराला) २० मिलिमीटर अशा नोंदी साधारण दिसतात. रस्त्याच्या तुटलेल्या कडेला पट्टी लावून फोटो काढा. कागदावर ७५ आणि कडेला ४० दिसले की निवेदनाचा सूर आपोआप बदलतो. कलम २(जे) खाली साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो, फार थोडे लोक तो मागतात.

मुदत ३० दिवस. ती उलटली तर माहिती विनाशुल्क द्यावी लागते, कलम ७(६). पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्याचा निर्णय ३० आणि फार तर ४५ दिवसांत व्हायला हवा. दुसरं अपील ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं. तिथं मात्र तुंबलेल्या अपिलांची रांग लांब आहे, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहा. बहुतेक कागद तिथंच निघतात, कारण वरिष्ठासमोर माहिती अधिकाऱ्याला फाईल घेऊन बसावं लागतं.

तिसऱ्या मुद्द्याला दात आहेत ते दप्तर दिरंगाई कायद्याचे (२००५). एका टेबलावर फाईल सर्वसाधारणपणे ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये, दुसऱ्या विभागाकडं जायची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय आणि गरज असेल तर ३ महिन्यांत. टिपणीच्या प्रतींवर तारखा असतात. फाईल ज्या टेबलावर ६० दिवस झोपली ते टेबल दाखवून जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना कलम १० खाली कारवाईची मागणी करा. शिवीगाळ नको, तारखांचा तक्ता पुरतो.

---

मिरज_पॅसेंजर

लोकशाही दिनाबद्दल (अधिकारी लोकांच्या तक्रारी समक्ष ऐकतात तो दिवस) एक खबरदारी. तालुक्याला तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याला पहिल्या सोमवारी. जिल्ह्यासाठी अर्ज १५ दिवस आधी, विहित नमुन्यात, दोन प्रतींत लागतो आणि त्याआधी तालुक्याचा लोकशाही दिन झालेला असावा लागतो. पण तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी. 'समस्त ग्रामस्थ' म्हणून दोनशे सह्या जोडल्या की अर्ज तिथल्या तिथं बाद. एकाच माणसानं, त्याच्या नावानं लिहायचं: मोरी खचल्यामुळं माझ्या घरापर्यंत रुग्णवाहिका येत नाही. सह्यांचा गठ्ठा जिल्हा परिषदेच्या निवेदनाला ठेवा.

आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाकली तर 'संबंधित विभागास कळविले' म्हणून बंद करतात. तरी टाका, तक्रार क्रमांक पुढं अपिलाला जोडता येतो.

---

येरळाकाठ

लई उपयोगी. यादी बघायला उद्याच माणूस पाठवतो. एक अडचण: ग्रामसभेत ठराव घ्या म्हटलं की गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करतात. दोनदा झालं.

---

प्रोसिडिंग

तहकूब झाली तर उलट बरंच झालं. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जो आकडा कमी असेल तो. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते. त्या दिवशी वाडीवरची तीस माणसं आली तरी ठराव होतो. बहुतेक गावं तहकूब म्हटलं की घरी जातात आणि पुढची तारीख विचारतच नाहीत. ती तारीख फलकावरून टिपून घ्या.

विषय आधी लेखी द्या आणि पोच घ्या, ऐनवेळचा विषय म्हणून ढकलू देऊ नका. वर्षाला किमान ४ ग्रामसभा घ्याव्याच लागतात, त्यात आराखड्याची सभा गाठा. तिथं काम नोंदलं नाही तर पुढं वर्षभर 'आराखड्यात नाही' हे उत्तर तयार असतं.

सगळ्यात मोठी चूक होते ती सह्यांत. हजेरीच्या वहीवर सह्या घेतात आणि ठराव नंतर निवांत लिहितात. प्रोसिडिंग (सभेचं इतिवृत्त) सभेतच लिहून वाचून दाखवायला लावा, शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारायला लावा आणि पानाचा मोबाईलवर फोटो काढा. ठरावात सूचक, अनुमोदक, रस्त्याचा क्रमांक, लांबी आणि मोरीचं ठिकाण हवं. आठवड्यानं ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल मागा.

ठराव वाया जात नाही. जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या गावांनी पाण्यासाठी २०१२ मध्ये कर्नाटकात जायचा ठराव केला होता. दहा वर्षांनी, २०२२ मध्ये सीमावाद पेटला तेव्हा तोच कागद वर आला आणि म्हैसाळच्या विस्तारित पाणी योजनेला वेग आला. रोज असं घडत नाही, पण कागद दप्तरी होता म्हणून घडलं.

---

माणदेशी

वरचं सगळं बरोबर, पण नुसत्या कागदानं आपल्या भागात काही मिळालेलं नाही हेही लिहितो. टेंभू उपसा योजनेचं पाणी आटपाडीला आलं त्यामागं १९९३ पासूनच्या पाणी परिषदा आहेत, नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, गणपतराव देशमुख यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं वर्षानुवर्षं एकत्र ठेवली. त्याआधी खानापूर तालुक्यातल्या बळवडीच्या बळीराजा धरणावेळी लोकांनी येरळा नदीतल्या वाळूच्या पैशातून धरण बांधायचा हिशेब स्वतः मांडला होता. 'आम्हाला पाणी द्या' यापेक्षा 'हा आराखडा, हे पैसे, परवानगी द्या' याला नाही म्हणणं जड जातं.

म्हणून पोरांना थांबवू नका, तारीख नीट निवडायला सांगा. आचारसंहितेत आंदोलन करून उपयोग नाही, तेव्हा नवीन कामाला मंजुरीच देता येत नाही आणि अधिकाऱ्याला आयतं कारण मिळतं. जून ते सप्टेंबर डांबराचं काम होत नाही, त्या काळात मागणी मोरीच्या तात्पुरत्या दुरुस्तीपुरती ठेवा. जिल्हा नियोजन समितीचा आराखडा आणि जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक ठरायच्या आधी, म्हणजे दिवाळीनंतर ते जानेवारी, हा खरा हंगाम.

निवेदनात दिवस, वेळ, ठिकाण, माणसांचा अंदाज आणि मागणी लिहून तहसीलदार व पोलीस ठाण्याला आधी द्या. जमावबंदी लागू आहे का तेही विचारा, नाहीतर गुन्हे पोरांवर दाखल होतात आणि पुढं पोलीस भरतीच्या वेळी ते आडवे येतात. रास्ता रोकोपेक्षा बांधकाम उपविभागासमोर धरणं बरं. रस्ता अडवला की त्रास एसटीतल्या माणसाला होतो, अभियंत्याला नाही. आत्मदहनाचा इशारा तर अजिबात नको, विषय रस्त्यावरून पोलीस बंदोबस्तावर जातो.

आता लेखी आश्वासन. दुपारी दोनला साहेब येतात, 'लवकरच कार्यवाही करण्यात येईल' असं पत्र देतात, सरबत पाजून आंदोलन सुटतं. त्या कागदाला काही किंमत नाही. पत्रात लेखाशीर्ष, अंदाजित रक्कम, प्रस्ताव कोणत्या कार्यालयाला कोणत्या जावक क्रमांकानं जाणार, आणि ती तारीख एवढं असल्याशिवाय उठू नका. सही निदान उपअभियंत्याची हवी, शाखा अभियंत्याची नको. आणि त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी तो जावक क्रमांक टाकून माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

---

शाहूपुरी_४१५

साताऱ्यातून एक भर. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय, सातारा-सांगली दोन्ही त्यात. मुंबईच्या फेऱ्या वाचल्या म्हणून कुणी लगेच जनहित याचिकेच्या मागं लागू नका. न्यायालय पहिल्यांदा विचारतं, संबंधित कार्यालयाकडं मागणी केली होती का, त्यांनी काय उत्तर दिलं. वरची सगळी कागदं तारखेवार लावलेली असतील तरच वकिलाकडं जा.

---

येरळाकाठ

आभार सगळ्यांचे. शेवटचं, दहा रुपये कसे भरायचे? मागं एकदा पोस्टल ऑर्डर परत आली होती.

---

जोडपत्र_अ

पोस्टल ऑर्डर केंद्राच्या कार्यालयांना. इथं १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, तहसीलजवळच्या स्टॅम्प वेंडरकडं मिळतो. तिथंच अपिलासाठी २० रुपयांचे दोन घेऊन ठेवा. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर अर्जाची फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडायला विसरू नका.