मदत हवी आहे: ऑपरेशननंतर बाबांना भ्रम होतोय

बाबा ७८ वर्षांचे. खुब्याच्या ऑपरेशनला ३ दिवस झाले. सकाळी नीट बोलतात, पण दिवेलागणीला सलाईनची नळी उपसतात, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतात. काल मलाच विचारलं, ‘तुम्ही कोण?’ डॉक्टर म्हणाले, हा डेलिरियम आहे, म्हणजे आजारपणात अचानक होणारा मेंदूचा गोंधळ. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, झोपेच्या गोळ्या, कशानेही होतो. तपासण्या चालू आहेत. चष्मा, कानाचं यंत्र लावलं (घरीच विसरलो होतो, चूक आमचीच), समोर घड्याळ ठेवलं. पण रात्रीचं काय? हात बांधू द्यायला मन धजत नाही. भास होत असताना समजूत घालावी, की विषय बदलावा? आज तर दिवसभर गुंगीत, गप्प आहेत. नर्सना वाटतं शांत झाले. मला याचीच जास्त भीती वाटतेय. डॉक्टरांना नेमकं काय सांगू?