विषय: किंग्ज प्लेऑफमध्ये!! आणि हॅलिबर्टनचा ट्रेड

प्रेषक: नाटोमसकर
गुरुवार, 30 मार्च 2023

मंडळी, झालं एकदाचं! काल रात्री आपल्या सॅक्रामेंटो किंग्जनी पोर्टलंड ब्लेझर्सना त्यांच्याच घरी 120-80 असं धुतलं आणि सोळा सीझनचा वनवास संपला. 2006 नंतर पहिल्यांदा प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद मालिका), एनबीए ह्या बास्केटबॉल लीगच्या इतिहासात एवढी वर्षं बाहेर राहिलेली दुसरी टीम नाही. 2006 ला स्पर्सकडून हरलो तेव्हा माझी मुलगी जन्मायची होती, आता ती गाडी चालवते आणि काल बाबा बाबा करत माझ्यापेक्षा जास्त ओरडत होती.

आणि योगायोग बघा, आपला सेंटर, म्हणजे रिंगजवळचा उंच खेळाडू, साबोनिस पोर्टलंडला जन्मला, त्याचे वडील आर्विदास ब्लेझर्सकडून खेळायचे तेव्हा, 1996 साली. त्याच गावात त्यानं आपल्याला प्लेऑफमध्ये नेलं. कीगन मरीनं पण त्याच मॅचमध्ये डोनोव्हन मिचेलचा 187 थ्री पॉइंटरचा रूकी रेकॉर्ड मोडला, पोरगं पहिल्याच वर्षात आहे हो!

आता मुद्द्यावर येतो. पाडव्याच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत दोघातिघांनी मला परत तेच ऐकवलं, की हॅलिबर्टनला द्यायला नको होतं. तिथं ताट हातात होतं म्हणून बोललो नाही पण आता लिहितोच. ट्रेड बरोबर होता. फेब्रुवारी 2022 ला हॅलिबर्टन, बडी हील्ड आणि ट्रिस्टन थॉम्पसन इंडियाना पेसर्सकडे गेले, बदल्यात साबोनिस, जस्टिन हॉलिडे, जेरेमी लॅम्ब आले, आणि त्या दिवशी सगळं गाव रडत होतं, मीही. पण हॅलिबर्टन आणि फॉक्स दोघंही बॉल चालवणारे गार्ड, दोघांनाही बॉल हातात लागतो, एक खेळला की दुसरा कोपऱ्यात उभा. साबोनिस आल्यावर फॉक्सला पहिल्यांदा असा माणूस मिळाला जो बॉल घेतो आणि लगेच परत देतो.

लाइट द बीम! (जिंकल्यावर अरीनावरून आकाशात सोडतात तो जांभळा झोत)

---

प्रेषक: डेव्हिसकर
गुरुवार, 30 मार्च 2023

> ट्रेड बरोबर होता

दादा, अभिनंदन सगळ्यांचं, मीपण काल झोपले नाही. पण ह्या वाक्याला मी हो म्हणणार नाही.

हॅलिबर्टन 21 वर्षांचा होता. 2020 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) बाराव्या नंबरवर आपल्याला मिळाला, इतका खाली कसा घसरला हे अजून कोणाला कळलेलं नाही. त्याला इथंच राहायचं होतं आणि हे त्यानं नंतर उघड सांगितलंय. ज्या गावातून गेली पंधरा वर्षं प्रत्येक जण निघायला बघतो तिथं एक मुलगा म्हणतो मला राहायचंय, मी ही टीम वर आणतो, आणि आपण त्यालाच पाठवतो. यंदा तोही ऑलस्टार आहे, मॅचला दहा दहा असिस्ट काढतोय. साबोनिस त्याच्यापेक्षा जवळजवळ चार वर्षांनी मोठा आणि त्याचा करार पुढच्या वर्षी संपतोय. पाच वर्षांनी हा ट्रेड कसा दिसेल ते बोला ना.

दुसरं म्हणजे डिफेन्स. आपला ऑफेन्स लीगमध्ये एक नंबर आहे हे मान्य, डोळे दिपतात, पण डिफेन्सच्या यादीत आपलं नाव खालून शोधायला लागलं तर लवकर सापडतं. फेब्रुवारीत क्लिपर्सना 176-175 नं हरवलं ती मॅच सगळे कौतुकानं सांगतात, मलिक मंकचे 45, फॉक्सचे 42, डबल ओव्हरटाइम, एनबीएच्या इतिहासात त्याहून जास्त पॉइंट फक्त एकदाच झालेत, 1983 ला डेट्रॉइट-डेन्व्हर 186-184. सगळं खरं. पण समोरच्यांनी 175 केले ते कोणी बघायचं? प्लेऑफमध्ये खेळ संथ होतो, प्रत्येक पझेशनला मारामारी असते. साबोनिस उडी मारून शॉट अडवणारा सेंटर नाही, आणि रिंगखाली कोणी नसेल तर बाहेरचे चौघं कितीही पळोत.

---

प्रेषक: फॉल्समकर काका
शुक्रवार, 31 मार्च 2023

पोरांनो, मी एरवी ह्या लिस्टवर लिहीत नाही, वाचतो सगळं.

मी 2002 च्या टीमचा माणूस. 61 मॅच जिंकलो होतो त्या वर्षी. प्लेऑफमध्ये लेकर्सविरुद्ध चौथ्या मॅचमध्ये आपल्या डिवात्सनं बॉल बाहेर ढकलला तो नेमका त्यांच्या रॉबर्ट हॉरीच्या हातात आणि त्यानं बझरला थ्री मारला, 100-99. सहाव्या मॅचला चौथ्या क्वार्टरात लेकर्सना 27 फ्री थ्रो दिले. सत्तावीस! एका क्वार्टरात! सातवी आपल्याच जुन्या आर्को अरीनामध्ये ओव्हरटाइमला हरलो, गाईच्या घंटा वाजवून वाजवून हात भरून आले होते, आणि मॅच संपल्यावर पार्किंगमध्ये कोणी कोणाशी बोलत नव्हतं. ते दुखणं माझं अजून गेलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. ह्या सीझनला साबोनिस फ्री थ्रो लाइनच्या कोपऱ्यावर बॉल घेऊन उभा राहतो ना, तिथंच त्या टीमचे वेबर आणि डिवात्स उभे राहायचे. तीच जागा. रिक अ‍ॅडलमन कोच होते आणि त्यांच्या हाताखाली पीट कॅरिल, प्रिन्स्टन विद्यापीठाचे म्हातारे कोच, त्यांनी ते शिकवलं होतं की मोठ्या माणसानं पास द्यायचा आणि छोट्यांनी त्याच्याभोवती कापत पळायचं. कॅरिल गेल्या ऑगस्टमध्ये गेले. त्यांनी ही टीम बघायला हवी होती असं मला प्रत्येक मॅचला वाटतं.

ताई, डिफेन्सचं तुझं बरोबर आहे. पण अशा खेळाची ह्या गावाला वीस वर्षं भूक होती गं.

---

प्रेषक: नाटोमसकर
शुक्रवार, 31 मार्च 2023

काका, तुम्ही लिहिलंत फार बरं वाटलं, कॅरिलसरांचं तर अगदी मनातलं बोललात.

ताई, तुला नीट उत्तर देतो. घरी रेकॉर्डिंग असेल तर फक्त एक प्ले थांबवून थांबवून बघ, क्लिपर्सची नको, कुठलीही साधी मंगळवारची मॅच घे. साबोनिस कोपऱ्यावर, पाठ रिंगकडे, बॉल दोन्ही हातात पोटाशी. आपला शूटर ह्यूर्टर बेसलाइनच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे जोरात पळत येतो आणि त्याच्या खांद्याला घासून जातो, साबोनिस बॉल नुसता पुढे धरतो आणि त्याच वेळी कंबर आडवी घालून ह्यूर्टरच्या माणसाची वाट बंद करतो. आता तो डिफेंडर मागून पाठलाग करत आला तर ह्यूर्टर वळून आत शिरतो. खालून शॉर्टकट घेतला तर ह्यूर्टर तिथंच थांबून थ्री मारतो. आणि दोघंही ह्यूर्टरवर धावले तर साबोनिस बॉल देतच नाही, स्वतः वळतो आणि लेअप. अगदी खो-खोसारखं आहे, खो कधी द्यायचा आणि कधी नुसती हूल द्यायची हे त्या एका माणसाच्या हातात. कधी ह्यूर्टर येतो, कधी मरी, कधी मंक, आणि शेवटच्या पाच मिनिटांत फॉक्स येतो.

हॅलिबर्टन फार मोठा खेळाडू होणार ह्यात मला शंका नाही, पण हे काम तो करू शकत नाही कारण हे काम सात फुटाच्या आसपासच्या रुंद माणसाचं आहे, जो धक्के खाऊन जागा सोडत नाही. आणि धक्के किती खातो! डिसेंबरमध्ये उजव्या अंगठ्याचं हाड मोडलं, ऑपरेशन केलं तर बरेच आठवडे बाहेर बसावं लागलं असतं, तो पट्टी बांधून खेळत राहिला, आणि त्याच हातानं लीगमध्ये सगळ्यात जास्त रिबाउंड काढतोय. ह्या गावानं गुडघा दुखतो म्हणून बसणारे स्टार बघितलेत. मुलं हे बघतायत, मला ह्याचं फार आहे.

आणि फॉक्स. यंदापासून क्लच प्लेयरचं बक्षीस सुरू होतंय, शेवटची पाच मिनिटं आणि पाच किंवा कमी पॉइंटचा फरक, अशा वेळी ह्या सीझनला त्याच्या पुढे कोणी नाही. हॅलिबर्टन असता तर त्या पाच मिनिटांत बॉल कोणाकडे असता? हा प्रश्न मी दोन वर्षं बघितलाय आणि त्याचं उत्तर टीमकडे नव्हतं.

---

प्रेषक: एल्क ग्रोव्हकर
रविवार, 2 एप्रिल 2023

जरा उशीर झाला पण हा धागा वाचून राहवलं नाही.

आपण मराठी लोक रणदिव्यांबद्दल इतके गप्प का असतो? मुंबईत जन्मलेला माणूस एनबीए टीमचा मालक आहे, 2013 ला ही टीम सिअॅटलला जवळजवळ गेलीच होती, सौदा झाला होता, मग मालकांच्या मतदानात 22-8 नं ते स्थलांतर अडलं आणि रणदिव्यांच्या गटानं टीम घेतली. ती गेली असती तर आज ना डाउनटाउनमधलं नवीन अरीना, ना बीम, ना हा धागा. त्यांच्या चुका झाल्या, मान्य. कोच मायकल मलोनला 2014 ला काढलं आणि आज तो डेन्व्हरला वेस्टमध्ये पहिल्या नंबरवर घेऊन बसलाय, हे मला टोचतं. नंतर कोचमागून कोच आले. 2018 ला ड्राफ्टमधला दुसरा पिक हातात असताना लुका डॉन्चिच सोडून बॅगली घेतला, त्यावर तर बोलूच नये. पण 2020 नंतर जनरल मॅनेजर माँटी मॅकनेअरला काम करू दिलं आणि कोच म्हणून माइक ब्राउनला आणलं, ह्याचंही श्रेय द्या ना.

आणि 2019 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोमला किंग्ज आणि पेसर्स खेळले, भारतात एनबीएची पहिलीच मॅच. पहिल्या दिवशी स्टँड शाळेच्या मुलांनी भरलेले, ओव्हरटाइमला गेली, आपण एका पॉइंटनी हरलो, 132-131. माझा भाऊ दुसऱ्या दिवशी गेला होता, तो अजून सांगतो की एवढी उंच माणसं एवढ्या चपळाईनं वाकतात हे टीव्हीवर कळतच नाही. तेव्हा साबोनिस पेसर्सकडे होता आणि हील्ड आपल्याकडे! आता भाऊ सकाळी सात वाजता ऑफिसला जाताना लोकलमध्ये फोनवर किंग्ज बघतो आणि मला आधी मेसेज करतो.

---

प्रेषक: फ्रीमाँटकर
सोमवार, 10 एप्रिल 2023

नमस्कार मंडळी! सॅक्रामेंटो सोडून बरीच वर्षं झाली पण लिस्ट सोडलेली नाही, त्यामुळे बातमी मीच देतो. वेस्टमध्ये तुम्ही तिसरे, आम्ही वॉरियर्सवाले सहावे. शनिवारपासून वॉरियर्स!

48 विजयांबद्दल मनापासून अभिनंदन. पण ताईंचा मुद्दा सोडू नका. तुमच्या दादांनी एवढं छान समजावलंय त्यात एक फट आहे आणि आमचे ड्रेमंड ग्रीन आणि लूनी ती बघणारच. साबोनिस बाहेरून शॉट घेत नाही. मग त्याच्या अंगावर जायचंच कशाला, लूनी चार पावलं मागे रिंगपाशी थांबेल आणि आत कापणाऱ्यांची वाट अडवेल. वळून लेअपचा पर्याय तिथंच संपतो. विगिन्सही परत येतोय. आणि स्टेफ करी तर आहेच.

---

प्रेषक: डेव्हिसकर
सोमवार, 10 एप्रिल 2023

फ्रीमाँटकर, फट दाखवलीत ते बरोबर, पण तुमचं बाहेरगावचं रेकॉर्ड 11-30 आहे हे लिहायला विसरलात का? पहिल्या दोन आणि गरज पडली तर सातवी, सगळ्या आमच्याकडे. आणि माइक ब्राउन सहा वर्षं तुमचे कोच स्टीव्ह कर ह्यांच्या शेजारी बसलाय, तुमचे प्ले त्याला पाठ आहेत.

हॅलिबर्टनवर माझं मत बदललेलं नाही दादा. पण लूनी मागे थांबला तर साबोनिसनं त्या पंधरा फुटांवरून दोन शॉट न घाबरता मारावेत, गेले नाहीत तरी चालतील, एवढंच मी देवाकडे मागतेय.

---

प्रेषक: नाटोमसकर
सोमवार, 10 एप्रिल 2023

ताई, दोन नाही, पाच मारू दे! आणि लूनी मागे थांबला की ह्यूर्टरला हँडऑफ (साबोनिसच्या हातातून बॉल) घेतल्यावर समोर कोणी उभंच नसेल, कारण अंगावर यायला मोठा माणूस तिथं नाही. ते थ्री पडले तर त्याला बाहेर यावंच लागेल. मालिका इथंच ठरणार असं मला वाटतं, स्टेफचे पॉइंट कोणी थांबवू शकत नाही, ते धरूनच चाला.

शनिवारी 15 तारखेला संध्याकाळी साडेपाचला पहिली मॅच. त्या दिवशी नाटकाची तालीम आहे, ती सकाळी दहाला घ्यावी अशी कमिटीला विनंती केलीय आणि दिग्दर्शकांनी हो म्हटलंय. मॅच आमच्याकडे. मोठा टीव्ही हॉलमध्ये, मुलांसाठी दुसरा वर. भेळ आणि मठ्ठा आम्ही करतो, बाकी कोण काय आणतंय ते इथंच कळवा. काका, तुम्हाला फॉल्समहून आणायला मी येतो, तुम्ही जुनी घंटा घरात असेल तर काढून ठेवा. फ्रीमाँटकर, तुम्हीही या, निळा शर्ट चालेल.